बारा पुस्तकांचं वजन

फोन आला तेव्हा विदाग्दो बायकोच्या कबरीवरचं गवत उपटून नुकताच घरी परतला होता. रोजा होता. उन्हाने जीभ टाळूला चिकटली होती.

फोनवर तेगाल गावची कुणी बाई रडत होती. "पाक विदाग्दो, बू वुर्यानांची शेवटची यादी वाचली हो. जाता जातासुद्धा आमचा विचार केला त्यांनी."

"कसली यादी?"

"ईदची! आज सकाळी आली ना ग्रुपवर."

विदाग्दोने फोन ठेवला. मग तोच फोन पुन्हा उचलून ग्रुप उघडला.

त्याची बायको वुर्यान शाळेत ग्रंथपाल होती. निवृत्तीनंतर तिने 'तळचा कप्पा' हा वाचकांचा ग्रुप सुरू केला. चाळीस हजार माणसं जमली होती. तिला सगळे आदराने 'बू', म्हणजे बाई, म्हणायचे आणि तिच्या नवऱ्याला 'पाक', म्हणजे साहेब. एरवी नव्या पुस्तकांच्या बातम्या, आणि ईदच्या दोन आठवडे आधी यादी: गावी जाताना पिशवीत टाकायची बारा पुस्तकं. प्रत्येक पुस्तकाविषयी दोन ओळी आणि पुढे वजन, ग्रॅममध्ये. पिशवीत नवे कपडे, बिस्किटांचे डबे, आईसाठी सरोंग. त्यात घुसायचं तर पुस्तकाने आपलं वजन सांगितलंच पाहिजे, असं ती म्हणायची. काही खडूस वाचक घरी पुस्तक तोलून बघायचे. ती कधी चुकली नव्हती.

आजच्या यादीच्या डोक्यावर लिहिलं होतं: 'बू वुर्यान यांनी शेवटच्या आठवड्यांत केलेली यादी. त्यांच्या कागदांत सापडली.' पहिलं पुस्तक 'मिठाची पायरी'. लेखकाचं नाव न. सागारा, पहिलीच कादंबरी. खाली ओळ: 'हे एक न्या. बाकीची अकरा घरी राहिली तरी चालेल.'

विदाग्दोचे कान तापले.

तिने यादी केली नव्हती. शेवटचे तीन महिने तिला अक्षर दिसत नव्हतं. हे फक्त त्याला ठाऊक होतं. कुणी भेटायला आलं की ती म्हणायची, "पाक, काहीतरी द्या हातात." तो वरचं जे असेल ते, पुस्तक म्हणा, कागद म्हणा, मांडीवर उघडून द्यायचा, शेजारी बसून मधूनमधून पान उलटायचा. पाहुण्याला वाटायचं, आजारातही बाई वाचतेय.

"कुणाला सांगू नका," ती म्हणाली होती. "चाळीस वर्षं वाचणारी बाई म्हणून ओळखतात मला. तशीच जाऊ दे."

त्याने शब्द दिला होता. आणि आता कुणीतरी तिच्या तोंडात शब्द घालत होतं.

ही यादी खोटी आहे, असं तो ओरडून सांगू शकला असता. कशावरून, असं लोकांनी विचारलं असतं. मग तिचे डोळे सांगावे लागले असते. दुसरं काहीतरी शोधायला हवं होतं.

विदाग्दोला पुस्तकांतलं कळत नव्हतं. त्याला वजनातलं कळत होतं. एकतीस वर्षं त्याने सरकारी वजनमाप खात्यात बाजारातले काटे तपासले होते. घरातला काटा तो दर वर्षी रमजानच्या आधी स्वतः तपासायचा.

बारांपैकी नऊ पुस्तकं वुर्यानच्या कपाटात होती. त्याने एकेक तोललं आणि कागदावर लिहिलं. हाताला आलेलं पहिलं दोनशे ग्रॅम, यादीत दोनशे दहा. दुसरं तीनशे, यादीत तीनशे पंधरा. तिसरं चारशे, यादीत चारशे वीस. नवव्यापर्यंत तेच. दुकानात जाऊन त्याने 'मिठाची पायरी' विकत आणलं. तेही तसंच.

प्रत्येकात सारखाच फरक असता, तर काटा शून्यावर उभा नाही एवढंच म्हणता आलं असतं. पण इथे वजनाबरोबर फरक वाढत होता. शंभराला पाच. म्हणजे काट्याची स्प्रिंग थकलेली. माणूस दर वेळी वेगळं खोटं बोलतो. थकलेला काटा एकच खोटं बोलतो, आणि कुणीही विचारलं तरी तेच बोलतो.

हा काटा कुणाच्यातरी स्वयंपाकघरात होता.

मग त्याने 'मिठाची पायरी' वाचायला घेतलं. दोन दिवस लागले. चौथ्या प्रकरणात मिठागराच्या गावातली एक बाई अख्ख्या बंदरासाठी बिस्किटं भाजते आणि सणाच्या सकाळी दार उघडं टाकून बसते. कुणी येत नाही.

विदाग्दो थांबला. ही गोष्ट त्याने ऐकली होती. गेल्या रमजानमध्ये वुर्यान टाइप केलेल्या कागदांचं बाड वाचत होती. तिनेच त्याला ही बाई सांगितली होती. वर म्हणाली होती, "अर्ध्यानंतर सगळं खोटं झालंय. छापून आलं तरी यादीत घेणार नाही म्हणून कळवलं. जवळचं माणूस आहे, फार जड गेलं."

"कोण?"

"ते नाही सांगणार."

ग्रुपवर बातमी टाकायचा पासवर्ड वुर्यानशिवाय तिघांकडेच होता. हेरलाम्बांग, हानुंग आणि पालुपी, तिघंही वुर्यानची जवळची. विदाग्दोने पितळी वजनांची पेटी पिशवीत टाकली.

हेरलाम्बांग हा लहानसा प्रकाशक. 'मिठाची पायरी' त्यानेच काढलं होतं. त्याच्या गोदामात पार्सलांचे ढीग होते.

"पाक, आत्ता? ईदच्या तोंडावर मला श्वास घ्यायला फुरसत नाही."

"यादीतलं पहिलं पुस्तक तुझं."

"माझंच. पाच दिवसांत आवृत्ती संपली. म्हणून मी चोर?"

"चोर मी म्हटलं नाही. तू म्हणालास. हा न. सागारा कोण?"

"टोपणनाव आहे. सगळं ईमेलवर झालं, तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. बाई का बुवा तेही माहीत नाही."

"यादी कुणी टाकली?"

"ग्रुपच्या नावाने आली. मला वाटलं हानुंगने टाकली असेल."

विदाग्दोने पार्सलाच्या काट्यावर अर्ध्या किलोचं पितळी वजन ठेवलं. पाचशे. बाजूला या वर्षीचा सरकारी शिक्का.

"माझा काटा तपासताय?" हेरलाम्बांग चिडला. "निवृत्त झालात ना तुम्ही?"

"जुनी खोड आहे," विदाग्दो म्हणाला आणि वजन उचललं.

हानुंगचं कॉफीचं दुकान रोज्यामुळे दिवसा बंद होतं. तो आत कॉफीच्या बिया भाजत होता. सगळे त्याला 'मास', म्हणजे दादा, म्हणायचे. वुर्यानने त्याला शाळेत असल्यापासून पुस्तकं दिली होती. अंत्ययात्रेत तोच सर्वांत मोठ्याने रडला होता.

"मास हानुंग, यादी तू टाकलीस?"

"मी? मला वाटलं तुम्ही बू पालुपींना कागद दिलेत आणि त्यांनी टाकली."

"मी कागद दिले असते तर तुला विचारायला आलो असतो का?"

हानुंगने जाळ बारीक केला. विदाग्दोने दोनशेचं वजन त्याच्या कॉफीच्या काट्यावर ठेवलं. दोनशे, आणि दशांशापुढे शून्य.

"पाक, राग येऊ देऊ नका. पण लोक खूश आहेत. कितीतरी दिवसांनी ग्रुपमध्ये जीव आलाय. उद्या बू पालुपींकडे इफ्तारला यादी मोठ्याने वाचणार आहोत. राहू द्या ना."

"राहू द्या?" विदाग्दोने टेबलावर हात आपटला. चमचे उडाले. "तुझी आई मेल्यावर तिच्या नावाने कुणी पत्रं लिहिली, तर राहू देशील?"

रोज्यात रागावू नये म्हणतात. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताला अर्धा तास असताना तो पालुपीच्या घरी पोचला. पालुपी म्हणजे वुर्यानची तीस वर्षांची मैत्रीण. एकटी राहायची. आजारपणात दर गुरुवारी पेज घेऊन यायची. हेरलाम्बांग आणि हानुंग आधीच येऊन बसले होते. घरभर लोणी आणि अननसाचा वास होता. ईदची नस्तार बिस्किटं भट्टीतून निघत होती.

"या, पाक. वुर्यानच्या खुर्चीत बसा."

"बसायला नाही आलो. बू पालुपी, तुमचा काटा कुठाय?"

"काटा?"

"पीठ तोलता तो."

तो स्वतःच स्वयंपाकघरात गेला. बाकीचे मागोमाग आले. ओट्यावर गोल तबकडीचा लाल पत्र्याचा काटा होता. वरच्या ताटलीत थोडा मैदा होता. त्याने तो झटकला, काटा शून्यावर आहे हे पाहिलं आणि पेटी उघडली.

"मास हानुंग, इकडे ये. मी ठेवतो, तू आकडा वाच. मोठ्याने."

दोनशेचं वजन.

"दोनशे दहा," हानुंग म्हणाला.

त्यावर शंभराचं.

"तीनशे पंधरा."

दोन्ही काढून अर्ध्या किलोचं.

"पाचशे पंचवीस." हानुंगने वाकून वाचलं.

विदाग्दोने खिशातून कागद काढला आणि यादीशेजारी धरला. "यादीतली दहा पुस्तकं मी तोलली. दहाच्या दहा शंभराला पाचने जड लिहिलीत. वुर्यानचा काटा मी तपासलेला. त्यावर ती इतकी जड झालीच नसती. ही पुस्तकं या ताटलीवर तोललीत."

पालुपी हसली. हसू ओठांवरच राहिलं. "पाक, असे थकलेले काटे हजारो घरांत असतील."

"असतील. पासवर्ड तीनच घरांत आहे. बाकीच्या दोन घरांतले काटे खरं बोलले."

"पण त्या कशाला असं करतील?" हेरलाम्बांगने विचारलं. "पुस्तक माझं आहे. खपलं तर फायदा माझा."

"तुझा लेखक तू पाहिला नाहीस ना? बघून घे. न. सागारा समोर उभी आहे. गेल्या रमजानमध्ये हिने वुर्यानला बाड दिलं. वुर्यानने ते यादीत घ्यायला नकार दिला. बिस्किटं भाजणारी, दार उघडं टाकून बसणारी बाई. वुर्यानने मला ती सांगितली होती. नाव नव्हतं सांगितलं."

भट्टीतून जळका वास यायला लागला. कुणी भट्टीकडे वळलं नाही.

"हो," पालुपी म्हणाली. "माझं आहे. पण यादी खोटी नाही. ती नाही म्हणाली, म्हणून मी पुन्हा लिहिलं. अख्खं दुसरं अर्धं. ते नवं बाड तिला नेऊन दिलं. पुढच्या गुरुवारी आले तर तिच्या मांडीवर तेच होतं. मी पेज घेऊन दारात उभी होते, पाक. ती वाचत होती. पानामागून पान उलटत होती. मान हलवत होती. तिला आवडलं होतं! बोलायच्या आधी गेली, एवढंच. तिचं राहिलेलं मी लिहिलं."

"पानं मी उलटत होतो," विदाग्दो म्हणाला.

पालुपीला कळलं नाही.

"पानं मी उलटत होतो. तिला दिसत नव्हतं. तीन महिने. अक्षर नाही, खिडकी नाही, माझं तोंड नाही. तुम्ही आलात की काहीतरी हातात द्यायचं, एवढंच. वर पडलेलं बाड मी उचललं. कसलं ते मी पाहिलंसुद्धा नव्हतं."

हानुंगने तोंडावर हात ठेवला.

"हे मी कुणाला सांगणार नव्हतो." विदाग्दोचा आवाज चढला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा तो तिला एकेरीत बोलला. "मेलेल्या बायकोला दिलेला एकच शब्द होता माझ्याकडे. तो तू मोडायला लावलास. तिने तुला तोंडावर नाही म्हटलं होतं, कारण ती तुझी मैत्रीण होती. आणि तू ती गप्प होईपर्यंत थांबलीस!"

पालुपी स्टुलावर बसली. पिठाचे हात मांडीवर उघडे पडले होते.

"लिही," विदाग्दो म्हणाला.

"काय?"

"बातमी. तुझ्या खऱ्या नावाने. वुर्यानने यंदा एकही पुस्तक सुचवलेलं नाही. यादी तू केलीस, पहिलं पुस्तक तुझं आहे. तिच्या डोळ्यांबद्दल एक अक्षर नको. ते या चौघांत राहील."

हेरलाम्बांग पुटपुटला, "पाक, ईदनंतर लिहिलं तर..."

"आत्ता."

हानुंगने फोन तिच्यापुढे धरला. तिने बोटं पुसली आणि लिहायला लागली. दोनदा खोडलं. मशिदीतला नगारा वाजला, अजान सुरू झाली. बाहेरच्या खोलीत खजूर आणि नारळाच्या दुधातल्या गोड कोलाकच्या वाट्या मांडून ठेवल्या होत्या. कुणी जागचं हललं नाही. तिने बातमी टाकली तेव्हा अजान संपत आली होती. फोन लगेच थरथरायला लागला. हानुंगने तो पालथा ठेवला.

विदाग्दोने वजनं पेटीत बसवली.

"पाक," पालुपी हळूच म्हणाली. "तुम्ही वाचलंत?"

"वाचलं."

"दुसरं अर्धं... अजून खोटंच आहे का?"

उत्तर देऊ नये असं त्याला वाटलं. पण खोटं बोलायला तो आला नव्हता.

"मला पुस्तकातलं कळत नाही," तो म्हणाला. "तीन ठिकाणी रडलो. शेवटाला तर चांगलाच रडलो. म्हणून जास्त राग आलाय. हे पुस्तक तुझ्या नावाने गेलं असतं, थोड्या लोकांनी वाचलं असतं, आणि जो रडला असता तो तुझ्या त्या बाईसाठी रडला असता. आता कोण तिच्यासाठी रडलं आणि कोण माझ्या बायकोसाठी, ते कुठल्याच काट्यावर कळायचं नाही. तुलासुद्धा नाही. कधीच नाही."

त्याने माठातून पाणी घेतलं, उभ्यानेच प्यायला, पेला विसळून उपडा घातला आणि पिशवी उचलून घरी गेला.