ठिपक्यांचा चित्रपट

पडद्यावरचा नावाडी धाडकन पाण्यात पडला आणि नानांनी डोळेच मिटून घेतले.

“थांबव रे ठोकळ्या,” ते हळूच म्हणाले.

ठोकळ्या थांबला. जुने चित्रपट दुरुस्त करणारा हा यंत्रमानव दिसायला लोखंडी ट्रंकेसारखा, म्हणून हे नाव. ‘निळ्या बेटाची वाट’ या जुन्या धाडसपटाचं शेवटचं रीळ कोल्हापुरातल्या दमट खोलीत कुजून गेलं होतं. उरलेली रिळं पाहून ठोकळ्या हरवलेली सात मिनिटं अंदाजाने रचत होता.

शाल्मलीने नानांचा हात धरला. तिचे हे आजोबा प्रकाशाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ, वय एक्क्याऐंशी. आणि चित्रपटातला नावाडी म्हणजे त्यांचे वडील. नाना पाळण्यात होते तेव्हाच ते गेले. हलताबोलता बाप पाहायला मिळणार तो या एकाच चित्रपटात, आणि त्यालाच ठोकळ्याने बुडवला होता!

“का रे बुडवलंस त्यांना?” शाल्मलीने दरडावलं.

“तो खलनायक आहे,” ठोकळ्या म्हणाला. “गालावर व्रण, झुपकेदार मिशी. शिवाय नायिकेला अडवतो. नायिकेसोबतच्या वैद्यबुवांना मात्र पांढरी दाढी, बोलणं गोड. ते मार्गदर्शक. नऊशे चित्रपट पाहून शिकलोय मी.”

“अरे, मिशी हा गुन्हा असेल तर निम्मं कोल्हापूर तुरुंगात जाईल की!” नाना हसले. “शालू, तुला सांगतो. धाडसाच्या गोष्टीत कुणीतरी घर सोडून निघतो. मग त्याला वाट दाखवणारा भेटतो, लुबाडणारा भेटतो, उंबरठ्यावर अडवून पारखणारा राखणदारही भेटतो. नावं बदलतात, गावं बदलतात, ही माणसं पुन्हापुन्हा येतात. यांना म्हणायचं आद्यरूपं (गोष्टीगोष्टींतून भेटणारे पात्रांचे मूळ साचे). आता ती ओळखायची कशी, ते तू शोध.”

शाल्मलीने बराच वेळ नखं कुरतडली.

“नाना, सगळ्यांचे कपडे काढून टाकू या.”

“शालू!”

“तसं नव्हे हो! कपडे, मिशा, चेहरे, आवाज, सगळं पुसायचं. प्रत्येक माणसाचा नुसता एक ठिपका. वस्तू, पाणी, वारा तेवढं तसंच ठेवायचं. मग कोण काय करतो तेवढंच दिसेल.”

भर दुपारी त्यांनी पडदे ओढले. खोलीत अंधार भरला आणि त्या अंधारात ठिपके तरंगू लागले. नायिका पिवळी, नावाडी निळा, वैद्य पांढरा. शाल्मलीला वाटलं, आपण एखाद्या संथ तळ्याच्या तळाशी बसलोय आणि वरून चांदण्या पोहत चालल्यात.

पांढरा ठिपका पिवळ्याजवळ यायचा, लाडाने घुटमळायचा. तो निघून गेला की पिवळ्याजवळचं काहीतरी कमी झालेलं असायचं. आधी नकाशा, मग होकायंत्र (दिशा दाखवणारी डबी).

निळा आडवा यायचा. पिवळा थबकायचा, मागे वळायचा, तयारी करून परत यायचा; एकदा तर पोहायला शिकून आला. मग निळा बाजूला व्हायचा. पुढे वादळाआधी निळ्याने पुन्हा अडवलं, वारा पडल्यावर पुन्हा वाट दिली.

“तो तिला अडवत नाहीये,” शाल्मली कुजबुजली. “ती तयार झाली का, ते बघतोय.”

“म्हणजे राखणदार,” ठोकळ्या म्हणाला. त्याचा दिवा दोनदा लुकलुकला. “आणि लुबाडणारे वैद्यबुवा. मी साचा चेहऱ्यावरून ओळखत होतो. तो कामावरून ओळखायला हवा होता. माफ करा, नाना.”

“चूक सापडली की शास्त्र पुढे सरकतं रे. रच पुन्हा. आणि खाली लिही, हा आपला अंदाज आहे म्हणून.”

चेहरे परत आले. नव्या शेवटात बेटावरच्या गुहेच्या तोंडाशी नावाडी वल्हं आडवं धरून उभा होता. नायिकेने त्याच्या डोळ्यांत पाहिलं, मान खाली घातली नाही. नावाड्याने वल्हं तिच्या हातात दिलं आणि बाजूला झाला. मग ती आत गेली त्या दिशेकडे पाहत मिशीतल्या मिशीत हसला.

नाना पडद्याजवळ गेले. त्यांनी त्या हसऱ्या गालाशी हात नेला, व्रणाशी.

“सव्वीस वर्षांचे होते,” ते म्हणाले. “किती लहान होते गं माझे बाबा.”

शाल्मलीने पडदे उघडले. कोपऱ्यात रिळांचे अजून चाळीस डबे होते आणि त्यांत कोण कोण अडकून पडलं होतं, देव जाणे. तिने बाह्या सरसावल्या आणि सर्वांत गंजलेला डबा आधी ओढला.