पालथा निघालेला कागद

आधीच सांगते. ज्यांना ही फेकाफेकी वाटेल त्यांनी इथेच थांबावं, मला राग नाही.

पण हे माझ्या सख्ख्या प्रतिक्षा मावशीसोबत घडलंय. आणि माझी मावशी नर्स आहे. मेलेल्या माणसाला पांघरूण घालून, हात धुऊन, ती शांतपणे डबा खाते. उगाच घाबरणारी बाई नाही ती.

साल २०१४. गाव सानगडी. दिवाळीनंतरचा शनिवार.

आणि रात्र नव्हती हं! चांगली उन्हाची दुपार होती.

त्या दिवशी गावची मंडई होती. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा. गावोगावचे पाहुणे, पाळणे, दंडारीचं नाचगाणं, लाउडस्पीकरच्या पोंग्यावर गाणी... आणि गावातलं एकूणएक दुकान बंद. सगळे मैदानावर.

मावशी तेवढी घरी रडत होती.

रविवारी सकाळी आठला नागपुरात तिची नर्सभरतीची परीक्षा होती. आधीच्या दोन भरत्या थोडक्यात हुकल्या होत्या. तेजराम आजोबांनी सांगून टाकलं होतं, "यावेळी नाही झालं त मार्चमधी लगन. आता मी पाहुण्याईले किती थांबवू?"

तीन दिवस वेबसाइट उघडत नव्हती. त्या दुपारी तीनला मोबाइलवर हॉलतिकीट दिसलं. खाली ठळक ओळ होती. छापील प्रत नसल्यास प्रवेश नाही.

शेवटची बस सव्वापाचची. नागपूर गाठेपर्यंत रात्रीचे दहा. तिथे कोण दुकान उघडं ठेवणार?

"काहून रडून राहिली? टेकचंददादाचं दुकान आहे ना," अश्वजितमामा म्हणाला. हा तिचा धाकटा भाऊ.

टेकचंददादा गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवायचा. श्रावणात गेला. दुकानातच... कॉम्प्युटरसमोर, खुर्चीवर बसल्या बसल्या.

त्याचा भाऊ कैलाश मंडईत पानठेल्यावर सापडला. त्यानं चाबी काढून दिली.

"जा, काढून घे. मले त्यातलं काई समजत नाही. दादा गेल्यापासून शटर उघडलंच नाही."

"भाऊ, तुमी चला ना संगं."

"मी नाही येत," कैलाश म्हणाला. आणि दुसरीकडे बघायला लागला.

शटर वर गेलं तेव्हा साडेचार झाले होते.

कॉम्प्युटर सुरू झाला. मावशीनं मोबाइलचं नेट जोडून हॉलतिकीट उघडलं. प्रिंटरचा हिरवा दिवा लागला. सगळं ठीक.

पण कॉम्प्युटरला प्रिंटर दिसेचना!

यादी रिकामी. केबल काढून लावली. मागच्या छिद्रात लावली, पुढच्या छिद्रात लावली. दोन्ही मशीन बंद करून पुन्हा सुरू केल्या. ड्रायव्हर नव्यानं टाकला, त्यात दहा मिनिटं गेली.

यादी रिकामीच.

"ताई, दोन थापडा मारून पाह्यतो. आपला टीव्ही असाच चालते."

"हात त लावून पाह्य! तुलेच दोन थापडा मारीन!"

चार वाजून पन्नास मिनिटं.

"केबलच गेली असन," मामा म्हणाला. "कैलाशभाऊच्या घरी दुसरी असन. हिचं तोंड जुळवून आणतो." त्यानं केबल दोन्ही टोकांनी उपसली, खिशात कोंबली आणि पळाला.

मावशी एकटी.

तिनं डोकं दोन्ही हातांत धरलं. सगळं संपलं होतं. दोन वर्षांचा अभ्यास एका कागदापायी.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं...

पोंगा ऐकू येत नव्हता.

शटर उघडं होतं. मैदान शंभर पावलांवर. समोरच्या रस्त्यावर पिपाणी फुंकत एक लेकरू गेलं. गाल फुगलेले. आवाज नाही.

मग मागून आवाज आला.

फर्रर्र...

कागदाचा गठ्ठा ट्रेमध्ये घालण्याआधी अंगठ्यानं पिंजतात ना, तसा.

मावशीनं मान वळवली नाही. हिंमतच झाली नाही.

टुंग!

पडद्यावर आलं. प्रिंटर जोडला गेला आहे.

विचार करायला वेळ होता कुठे? तिनं झटक्यात प्रिंट दिली. प्रिंटच्या रांगेची खिडकी उघडली. तिचं हॉलतिकीट दुसऱ्या नंबरवर होतं.

पहिल्या नंबरवर... आणखी एक काम. एक पान. नाव नाही. पाठवल्याची वेळ चार त्रेपन्न.

म्हणजे एक मिनिटापूर्वी. तेव्हा तिचे दोन्ही हात डोक्याला होते.

तिनं ते रद्द केलं.

गेलं.

आणि पुन्हा आलं. वरच. तिच्या आधी.

तिनं परत रद्द केलं. परत आलं. हॉलतिकीट जागचं हलेना. चार अठ्ठावन्न.

मावशी म्हणते, भीती तेव्हाच संपली. माणूस बुडायला लागला की काहीही धरतो. ती त्या रिकाम्या दुकानात मोठ्यानं बोलली.

"दादा, तुमचं आधी काढा. मी थांबतो. पण माह्यं बी काढा हो... माह्या हाताले दुसरं काई नाही."

क्षणभर काहीच नाही.

मग मशीन घरघरली.

एक कागद निघाला. पालथा. त्या मशीनमधून छापलेली बाजू खालीच यायची.

त्यावर दुसरा आला. तोही पालथा.

मावशीनं फक्त वरचा उचलला, उलटवला. तिचा फोटो, तिचा नंबर! कागद गरम होता. ती शटरकडे धावली आणि पायरीवरच मामाला धडकली.

"ताई, दुसरी नाही भेटली. हेच लावून पाहू अजून एकदा."

त्याच्या हातात केबल होती.

मावशीनं केबलकडे पाहिलं. हातातल्या कागदाकडे पाहिलं. वायफाय वगैरे काही नव्हतं हो त्या मशीनला, साधी जुनी मशीन.

मागे वळून पाहायचं धाडस दोघांनाही झालं नाही. शटर खाली ओढलं. त्याच क्षणी पोंगा कानात घुसला, सगळी मंडई एकदम.

बस मिळाली. परीक्षा झाली. मावशीला नोकरी लागली.

पुढे तिनं कैलाशला विचारलं, "मशीनवर एक कागद राह्यला होता ना, भाऊ?"

"नाही बा," तो म्हणाला. "मी दुसऱ्या दिवशी पाह्यलं. मशीनवर काईच नवतं."

चाबी तर मामानं त्याच संध्याकाळी त्याला परत दिली होती. दुसरी कोणाकडेच नव्हती.

गेल्या महिन्यात मी मावशीला हे सगळं पुन्हा सांगायला लावलं. शेवटी ती म्हणाली, "त्यानं माह्यं काम केलं. अन् मी त्याचा कागद पलटवून बी नाही पाह्यला. तेवढासा त होता... एक पान."

"कोणासाठी असेल गं?" मी विचारलं.

ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.