दर अर्ध्या मिनिटाला

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो माझ्या दोरावर पाय देऊन उभा राहिला, आणि आमची ओळख झाली.

"पाय उचला," मी म्हणाले. "या दोराच्या टोकाला माणूस आहे."

तो असा दचकला, की हातातली कॉफी बर्फावर सांडली. "माणूस… म्हणजे माझी बहीणच ती. मी नुसता ड्रायव्हर. डुलुथ शहरातून तिला घेऊन आलोय."

"मग बहिणीवर पाय देऊ नका."

तो हसला. अर्विड त्याचं नाव.

हॅगर्टी तळ्यावर लोकांना बर्फाखाली बुड्या मारायला नेणं हा बाबांचा धंदा, ते गेल्यापासून माझा. बर्फात करवतीनं त्रिकोणी भोक पाडायचं, पाठीवर हवेची टाकी लावलेल्या पाहुण्याला दोर बांधून खाली सोडायचं, आणि दर दोन मिनिटांनी दोराला एक हिसका द्यायचा — ठीक आहेस ना? खालून एक हिसका आला की समजायचं, ठीक आहे. पाहुणे संध्याकाळी निघून जातात. एप्रिलात बर्फ वितळलं की कुणी फिरकत नाही. मग डिसेंबरपर्यंत मी, तळं आणि सुपाचं एक वाडगं.

तो पुढच्या रविवारी आला, त्याच्या पुढच्याही. कॉफी माझ्यासाठी आणू लागला. मी त्याला दोर धरायला शिकवलं, माझ्या एकटीच्या सुपाचंही सांगितलं.

"ताणू नकोस. पण अगदी सैलही सोडू नकोस."

"संसारासारखंच की हे."

"मला काय ठाऊक?" मी म्हणाले, आणि गुंडाळलेला दोर उगाच पुन्हा गुंडाळत बसले…

मार्चच्या तिसऱ्या रविवारी हंगाम संपला. पाहुणे वर आले, तसा अर्विड म्हणाला, "टिल्डा, तुला खाली जाताना कधी पाहिलंच नाही."

"माझा दोर कोण धरणार?"

"मी."

बाबांनंतर चार हिवाळे तो कुणीच धरला नव्हता. त्याची बहीण कर्स्टन पोशाख न उतरवता काठावर बसली. गरज पडली तर उडी घ्यायला एकानं तयार राहायचं, हा आमचा नियम. मी उतरले.

खाली हिरवट उजेड होता. माझे बुडबुडे बर्फाच्या छताला लागून पाऱ्यासारखे पळत होते. तेवढ्यात हिसका आला. मी उत्तर दिलं. जरा पुढे जाते तो पुन्हा हिसका. अर्ध्या मिनिटात पुन्हा. मासा धड बघू देईना मेला! दहाव्या की बाराव्या हिसक्याला मात्र मी पोहायची थांबले. ठीक आहेस ना, हे मी शेकडो लोकांना विचारलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. मुखवट्यात रडू नये, काच धुरकटते. मी रडले.

वर आल्या आल्या त्याच्यावर डाफरले. "दोन मिनिटांनी, सांगितलं होतं ना?"

"मला… दोन मिनिटं निघेनात."

"माझ्या वेळी तर जांभया देत होतास," कर्स्टन म्हणाली, आणि गाडीकडे चालू लागली.

आम्ही दोघांनी बर्फाचा कापलेला ठोकळा भोकात परत बसवला. कुणी चुकून पडू नये म्हणून भोवती सूचिपर्णीच्या फांद्या रोवल्या.

"आता डिसेंबरात," शेवटी तो म्हणाला. सगळेच असं म्हणतात.

"हो," मी म्हणाले.

गाडी सुरू झाली. मी धावले, घसरले, काचेवर थाप मारली. काच खाली आली.

"बर्फ नसेल तेव्हाही ये."

"मला पोहता येत नाही, टिल्डा."

"पोहायला कोण बोलावतंय?… मला इथं फार एकटं वाटतं, अर्विड. आणि तू मला आवडतोस."

तो हळूच म्हणाला, "पुढच्या रविवारी सूप जरा जास्त कर."

गाडी झाडांआड गेली. घरी येऊन मी कपाटातलं बाबांचं वाडगं काढलं, धुऊन माझ्या वाडग्याशेजारी ठेवलं. रविवारला अजून सात दिवस होते.