अकरा जणींचा पूल

"अहो, आमच्या नदीत काय करताय?"

डॉर्कसने सायकल थांबवून पुलावरून खाली वाकून पाहिलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक तरुण मधल्या कमानीखाली उभा होता, मोजायची फीत दातांत धरून.

"पूल मोजतोय," फीत काढत तो म्हणाला. "तुमची नदी फारच गार आहे हो!"

"तिला पाहुण्यांचं कौतुक नाही."

तो खळखळून हसला. पोस्ट सांभाळणारी, कुणाला सहसा दाद न देणारी डॉर्कस… उगाचच टोपलीतली पत्रं सारखी करू लागली.

त्याचं नाव ह्यू फेन्टन, जिल्ह्याच्या रस्ते कार्यालयातला. पण पुढचं ऐकून तिचं हसू मावळलं. या अरुंद पुलावरून मोठ्या लॉऱ्या जात नव्हत्या. तो पाडून सिमेंटचा बांधायचा विचार होता, आणि त्याचा अहवाल ह्यूच देणार होता.

डॉर्कसने विनवणी केली नाही. तिने बूट काढले, झगा सावरला आणि सरळ पाण्यात उतरली.

"मापं घेताय ना? मग हेही घ्या." तिने त्याचा हात कमानीच्या पोटातल्या दगडावर ठेवला. तिथे नावं कोरलेली होती. "दोनशे वर्षांपूर्वी पुरात जुना पूल गेला. गावातले पुरुष लढाईवर. या अकरा जणींनी टेकडीवरच्या पडक्या मठाचे दगड उतरवले आणि दोन उन्हाळ्यांत पूल उभा केला. सातवं नाव वाचा."

त्याने बोटांनी अक्षरं चाचपली. "डॉर्कस… डॉर्कस हेल."

"माझ्या खापरपणजीची आजी."

"पण नावं अशी लपवून का ठेवली?"

"लपवून नाही! दुरुस्तीला जो येईल, तो पाण्यात उतरणारच. त्याला कळावं, कुणाला विचारायचं ते."

ह्यू चार दिवस राहिला. मठ पाहिला, चर्चच्या अंगणातल्या पुरातन यू वृक्षाखाली तिच्याशी वाद घातला. आणि रोज पोस्टात येऊन एक तिकीट घेतलं.

"एवढी पत्रं लिहिता तरी कुणाला?"

"अजून एकही नाही… तिकिटं मात्र छान जमलीत."

मग तो गेला.

सहा आठवड्यांनी बातमी आली: पूल राहणार, नवा रस्ता नदीच्या खालच्या अंगाला, अर्ध्या मैलावरून जाणार. ऑल्डरकोम गावच्या चर्चची घंटा तासभर वाजत होती. शनिवारी ह्यू स्वतःच पोस्टात येऊन उभा राहिला.

"साहेब चिडलेत. उत्तरेला बदली झाली माझी… डॉर्कस, मला तुम्हाला विचारायचं होतं—"

"थांबा." तिने मान ताठ केली. "पुलाची परतफेड म्हणून मी हो म्हणणार नाही. ऑल्डरकोमच्या मुली अशा मिळत नाहीत."

"परतफेड?" ह्यू पहिल्यांदाच भडकला. "अहो, तुमच्या जागी सत्तरीची, तोंडाचं बोळकं झालेली म्हातारी असती ना, तरी मी तोच अहवाल दिला असता! पूल भक्कम आहे, त्याचं काम अस्सल आहे. तुमच्यासाठी एक ओळसुद्धा लिहिली नाही मी!"

इतकं गोड तिच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

"खरंच? एकही नाही?"

"एकही नाही."

"मग…" ती लाजली, पण नजर खाली गेली नाही. "मग विचार आता."

त्याने विचारलं. अगदी हळू.

"हो," ती म्हणाली.

"पण गाव सोडावं लागेल तुला…"

"लागू दे. ऑल्डरकोम म्हणजे काय, ते उत्तरेच्या लोकांना कुणीतरी सांगायला नको का?" तिने घड्याळाकडे पाहिलं. "ऐक, लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार आपली नावं पुकारावी लागतात. उद्या रविवार, आणि पाद्रीबाबा एकदा चहाला बसले की कुणालाच भेटत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे पळ!"

आणि त्याचा हात धरून तिने पोस्टाला कुलूप लावलं, वेळेच्या चांगला पाऊण तास आधी.