दूध कोण पातळ करतं?

सन २०५८. सावंतवाडीतल्या एका घरात रोज चोरी होत होती, आणि चोरीला जात होता दुधाचा दाटपणा.

केतकीचा भाऊ अंबर पाच महिन्यांचा. त्याच्या घशातली झडप जरा सावकाश चाले. आपण गिळतो तेव्हा ही झडप श्वासनलिकेचं (फुप्फुसाकडे हवा नेणाऱ्या नळीचं) तोंड झाकते. पातळ दूध धावत येतं. झडप मिटायच्या आत ते भलत्या वाटेला लागतं, आणि ठसका बसतो. दाट दूध रमतगमत उतरतं, झडपेला सवड मिळते. म्हणून गिळण्याच्या डॉक्टरांनी अंबरला तपासून तांदळाच्या पिष्टाची (कपड्यांच्या खळीत असतं त्या स्टार्चची) भुकटी मोजून दिली होती. महिनाभर एकही ठसका नव्हता.

सोमवारपासून मात्र पुन्हा सुरू. दाट केलेलं दूध बाटली संपेपर्यंत पाण्यासारखं होई. गुरुवारी तपासणी होती. ठसके थांबले नाहीत तर नाकातून पोटात दूध पोचवणारी नळी परत घालावी लागणार होती. ती घालताना अंबर कसा रडतो, ते केतकीने पाहिलं होतं.

दूध कालवायचं काम घरच्या यंत्रमानवाचं. त्याचं नाव घोटक्या. आजोबा जुने रसायनशास्त्रज्ञ. त्यांचा संशय सरळ त्याच्यावर.

"काय रे, मागल्या जन्मी गवळी होतास का?"

"मागल्या जन्मी मी कपडे धुवायचो," घोटक्या म्हणाला. "पाण्याशी संबंध तेवढाच."

केतकीला हसू आलं. मग तिने विचारलं, सोमवारी काय बदललं? घोटक्याने नोंद वाचली. भुकटी तीच, माप तेच. फक्त आई आजारातून उठली होती, आणि बाटलीत डब्याच्या दुधाऐवजी तिचं काढलेलं दूध सुरू झालं होतं. त्या आनंदात डॉक्टरांना कळवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

आजोबांनी दोन पेले मांडले. एकात डब्याचं दूध, दुसऱ्यात आईचं, दोन्हींत सारखी भुकटी. पंधरा मिनिटांनी केतकीने चमचे बुडवून उचलले. पहिल्यावरून दूध संथ ओघळलं. दुसऱ्यावरून टपटप गळालं.

"आता हा पोळीचा घास चाव," आजोबा म्हणाले. "गिळू नकोस, चावतच राहा."

चावता चावता घास गोड झाला. आजोबांनी समजावलं: पिष्टाच्या लांब साखळ्यांचं जाळं दूध अडवून धरतं. लाळेत एक विकर (अन्नाचे बारीक तुकडे करणारा पदार्थ) असतो. तो साखळ्या तोडतो, आणि तुकडे गोड लागतात. तोच विकर आईच्या दुधातही असतो. जाळं तुटलं, की दूध मोकळं.

"म्हणजे चोर आईच?"

"चोर कसली गं. पिष्ट पचायला मदत व्हावी म्हणून तिनं दुधाबरोबर शिदोरी बांधून दिली. जाळं आपलं चुकलं."

आपल्या मनाने भुकटी वाढवायची नाही, हे आजोबांनी बजावलं. डॉक्टरांना लगेच फोन केला. त्यांनी अंबरचं वय, वजन विचारलं आणि दूध दाट करायला भुकटीऐवजी शेंगेच्या बियांचा डिंक ठरवून दिला. त्याच्या साखळ्या या विकराला तुटत नाहीत.

संध्याकाळी अंबर पीत होता, आई गुणगुणत होती:

"हळू ये रे दुधा, गळ्यापाशी थांब,
दार लागू दे रे, वाट आहे लांब."

बाटली संपली. "ठसके शून्य," घोटक्या म्हणाला. "आणि गवळी?"

"मागे घेतलं बाबा," आजोबा म्हणाले.

गुरुवारी नळी कपाटातच राहिली. गळा बळकट होईल तसा डिंक कमी करू, मग एक दिवस हा साधं पाणीही पिईल, असं डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर केतकीने सगळ्यात लहान फुलपात्र घासलं आणि अंबरसाठी वेगळं ठेवलं.