ढोलीजवळची जागा

दर महिन्याला जायची तशीच त्या महिन्यातही मी गोळ्या घेऊन घरी निघाले होते. २००९ सालचा कार्तिक महिना. गोंदियाला खोली घेऊन बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष करत होते. महिन्यातून एकदा औषधाच्या दुकानात बाबांच्या डॉक्टरांचे दोन कागद दाखवायचे, पाकिटं पिशवीत टाकायची आणि काळीपिवळी जीपने दवनीवाड्याला यायचं, एवढंच माझं काम. त्या वेळी मात्र चार दिवस राहायचं होतं. धानकापणी जोरात होती. मायला दिवसभर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभं राहावं लागणार होतं आणि बाबांना वेळेवर गोळ्या द्यायला घरी कोणीतरी हवं होतं.

बाबा, म्हणजे कुंजीलाल बिसेन, तीस वर्षं मापारी होते. धानाची रास मापून द्यायची. पहिल्या मापाला ते कधीच 'एक' म्हणत नसत. 'लाभ' म्हणायचे, मग दोन, मग तीन. माप चालू असताना राशीजवळ बोलायचं नाही, आडवं जायचं नाही. लहानपणी मी एकदा आडवी पळाले, तेव्हा त्यांनी हातातलं माप तसंच धरून माझ्याकडे नुसतं पाहिलं होतं. तो हात तेव्हा दगडासारखा स्थिर होता. पार्किन्सन झाल्यावर त्याच हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर सारखे फिरत राहत. धानाचा दाणा ओला आहे की वाळला, हे चोळून पाहावं तसे.

मी घरी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. लोडशेडिंग होतं. सगळं गाव बांध्यांमध्ये गेलेलं, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. ओसरीत शिरले तर एकदम अंधारल्यासारखं झालं. जुन्या बारदान्याचा कुबट वास येत होता. लांबट ओसरीच्या टोकाला धान साठवायची ढोली, बांबूची, शेणामातीने लिंपलेली. दाराजवळच्या खुर्चीत बाबा बसले होते.

"बाबा, मी आली. जेवले का तुम्ही?" मी नेहमीसारखं मोठ्याने विचारलं.

त्यांनी बोट ओठांवर नेलं. बोट थरथरत होतं.

"हळू... माप चालू हाये."

मला वाटलं, झोपेत आहेत. जवळ गेले. डोळे टक्क उघडे होते, भिंतीवर लागलेले. तोंडाला कोरड पडली होती. जीभ टाळूपासून सुटताना टक् टक् असा बारीक आवाज येत होता. त्या शांततेत तेवढा एकच आवाज.

"कोनाचं माप, बाबा?"

"दिसून नाई राहिले का तुले? बसले हायेत न सारे." त्यांनी हात उचलला. ढोलीपासून दारापर्यंत भिंतीच्या कडेकडेने बोट सरकत आलं आणि दर दोन हातांवर थांबत गेलं. "लाभ... दोन... तीन..."

सातावर बोट थांबलं. सातवा माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

तुम्ही हसाल, पण मी अंगावर पाल पडली तरी अख्खी खोली जागी करणारी मुलगी. माझ्या मैत्रिणी मला 'फटाका' म्हणतात. त्या दुपारी मात्र मी कुजबुजले.

"कोन हायेत?"

"मानसं. बारदाना घेतलाय डोक्यावरून. तोंड नाई दिसत... पाळी यायची वाट पाहून राहिले." मग माझी अवस्था दिसली असावी, कारण ते एकदम मऊ आवाजात म्हणाले, "भेऊ नको, बाई. काही करत नाई ते. बोलत पन नाई."

मी अंगणात पळाले. दूर कुठेतरी विळ्यांचा खसखस आवाज येत होता, तोही थांबला. अंगणात किती वेळ उभं राहणार? चार वाजता गोळ्या द्यायच्या होत्या.

गोळ्यांचा डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. मायला वाचता येत नाही. ती रंगावर चालते: पिवळी तीनदा, पांढरी दोनदा, लाल कॅप्सूल दोनदा. डब्याच्या तळाशी दोन्ही डॉक्टरांचे कागद घडी करून ठेवलेले. पहिला गोंदियाच्या डॉक्टरचा, जुना. दुसरा नागपूरच्या, सहा महिन्यांपूर्वीचा. दर महिन्याला हेच दोन्ही कागद मी दुकानात पुढे करत होते. पण ओळीओळीने वाचले, ते आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी, दारात उभं राहून, पाठ भिंतीकडे होऊ न देता.

नागपूरच्या कागदावर सगळ्यात खाली, सहीच्या वर, बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: जुनी पांढरी गोळी हळूहळू बंद करावी. पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवावे.

आम्ही पुन्हा दाखवलंच नव्हतं. बाबा बरे चालायला लागले होते, मग नागपूरची खेप कशाला? आणि जुनी पांढरी गोळी बंद केलीच नव्हती. सहा महिने ती नव्या कॅप्सूलसोबत चालू होती, आणि आणत होते मी. बी.एस्सी. करणारी मी. पाकिटांतल्या घडीच्या चिठ्ठ्या उलगडल्या. पांढरी गोळी ट्रायहेक्सीफेनिडिल: कोरडं तोंड, गोंधळ, भास. लाल कॅप्सूल अमँटाडिन: भास. पिवळी लेवोडोपा, तिच्यातही तोच शब्द. तीन चिठ्ठ्यांवर तीनदा.

म्हणजे ती सात माणसं मीच पिशवीत घालून आणली होती.

मग मी जे केलं ते शहाणपणाचं वाटून केलं. चार वाजता काहीच दिलं नाही. ना पांढरी, ना लाल, ना पिवळी. विष थांबवलं, असं मला वाटलं.

साडेपाचपर्यंत बाबांचा हात थांबला. आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं की सगळंच थांबलंय. मान, ओठ, पापण्या. पाण्याचा गिलास ओठांना लावला तर पाणी हनुवटीवरून खाली आलं. लाकडाचा माणूस खुर्चीत ठेवावा तसे बाबा. फक्त डोळे फिरत होते. ढोलीपासून दारापर्यंत, थांबत थांबत. सात वेळा. मग परत ढोलीपासून.

दिवेलागणीला माय आली. राजकुमारीबाई, माझी माय, डोक्यावर गवताचा भारा असतानाही सरळ चालणारी बाई. तिने भारा अंगणात टाकला, कंदील लावला आणि ओसरीतून बाबांकडे आली. सरळ नाही आली. भिंतीपासून दोन हात लांब राहून, वळसा घेत आली. मला दिसलं, पण तेव्हा विचार करायला वेळ नव्हता.

"काय झालं यायले? गोळ्या देल्या का?"

"नाही दिल्या. माय, त्या गोळ्यांनीच—"

"नाई देल्या? काऊन नाई देल्या?" तिने बाबांचा हात हातात घेतला. तो वाकेना. "शिकून शिकून अकलेचा कांदा झाली काय वं पोट्टी! मानूस मारतेस का?"

"त्यांना माणसं दिसतात, माय! भिंतीजवळ बसलेली!"

मायने कंदील खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "माहीत हाये मले. दोन महिने झाले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुले सांगतलं असतं त परीक्षा सोडून पळून आली असती. गावात सांगतलं असतं त लोकायनं झाडफूकवाला आनून बसवला असता दारात. कुंजीलाल मापाऱ्याले वेड लागलं म्हनले असते." तिने पदराने बाबांची हनुवटी पुसली. "मी त्यायच्या अंगावरून गेली का हे वरडते. म्हनून बाजूनं जातो. सवय झाली."

कागदावर नागपूरच्या डॉक्टरांचा नंबर होता. अंगणाच्या कोपऱ्यात, जिथे मोबाइलला दोन काड्या येतात तिथे उभी राहून मी फोन लावला. रडत रडतच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आधी एकच विचारलं, "गिळता येतंय का?"

"थोडं थोडं... चमच्याने."

"पिवळी आत्ता द्या. पाण्यात विरघळवून, मान पुढे करून, घोट घोट. तासाभरात हालले नाहीत तर गाडी करून रात्रीच घेऊन या. आणि बेटा, एकदम सगळं बंद कधीच करायचं नाही. माणूस दगावू शकतो." मग त्यांनी पांढरी दोन आठवड्यांत कमी करत कशी थांबवायची आणि कॅप्सूल त्यानंतर कशी उतरवायची, ते सांगितलं. मी हातावर लिहून घेतलं. "त्यांना जे दिसतं त्यावरून त्यांच्याशी वाद घालू नका. भास आहे. औषध कमी होईल तसे तेही कमी होतील."

मी मान पुढे धरली. मायने चमचा धरला. कंदिलाच्या उजेडात आम्ही तिघंच होतो, असं मी स्वतःला सांगत होते. पाऊण तासाने बाबांचा अंगठा हलला. बोटावर फिरायला लागला. तो थरथरता हात पाहून माय रडली, आणि मीसुद्धा. इतकी वर्षं ज्या थरथरीचा राग केला, ती परत आली म्हणून.

"पानी दे," बाबा म्हणाले. आणि मग, माझ्याकडे पाहून, "फटाका कायले रडून राहिला?" हे नाव त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे.

गोंदियाला परतल्यावर रोज संध्याकाळी फोन करायचे. "बाबा, किती?" एवढंच विचारायचं. ते मोजून सांगायचे. पहिल्या आठवड्यात सात. पांढरी अर्ध्यावर आली तेव्हा पाच. ती सुटली तेव्हा तीन. "दाराजवळचे आधी उठून जाऊन राहिले," बाबा म्हणाले, हवापाण्याचं सांगावं तसं. मी वहीत तारखा घालून लिहीत होते. गोळी आणि माणूस, गोळी आणि माणूस. इतकं नेमकं उतरत होतं की मला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलसारखा आनंद व्हायचा. बाबा कोण आहेत हे जर दीड गोळीने ठरत असेल, तर मी कोण आहे, असाही विचार यायचा. तो मी लिहिला नाही.

मग कॅप्सूलही उतरत आली, आणि एका संध्याकाळी ते म्हणाले, "कोनी नाई."

"नक्की?"

"भिंत हाये. भिंतीले काय मापू?" आणि हसले.

मार्गशीर्षात नवं धान ढोलीत भरायचं होतं, तेव्हा घरी गेले. बाबा चांगले होते. जरा सावकाश चालत, पण चहाचा कप स्वतः धरत. सकाळपासून शेजारचे चैतरामकाका आणि आणखी दोन जण पोती आणून ढोलीत ओतत होते. धानाच्या धुळीने ओसरी नुसती भरून गेली होती. खुर्ची, डबा, बाबांच्या भुवया, सगळं राखाडी. दुपारी भरणं संपलं, माणसं अंगणात जेवायला बसली, आणि मी झाडू घेऊन आत आले.

ढोलीपासून झाडायला सुरुवात करणार तोच थांबले.

जमिनीवर बोटभर जाडीचा भुसा पसरला होता, एकसारखा. फक्त ढोलीला लागून, भिंतीशी एक जागा लख्ख होती. उकिडवं बसलेल्या माणसाएवढी. तिथे भुशाचा कण नव्हता. आणि पोती वाहणाऱ्यांच्या पावलांचे ठसे दारापासून सरळ येत होते. त्या जागेपाशी येऊन ते बाजूला वळत होते आणि वळसा घालून ढोलीला भिडत होते. तिघांचेही. सगळ्या खेपांचे.

तेवढ्यात चैतरामकाका हात पुसत रिकामं बारदान न्यायला आले. मायने गावात कोणालाच काही सांगितलं नव्हतं. त्यांना तर नाहीच.

"काका, तुम्ही इथून वळून काऊन गेले?"

"कुठून वं?" त्यांनी खाली पाहिलं. त्यांना काही वेगळं दिसलं नाही. "वळून कायले जाऊ? डोक्यावर मनभर ओझं घेऊन मानूस सरळच जाते न."

असं म्हणून ते ढोलीकडे निघाले. दोन पावलं सरळ. मग खांदा जरासा आत घेतला, जत्रेच्या गर्दीत घेतो तसा, वळसा घातला, बारदान उचललं आणि तसेच वळून बाहेर गेले. घरात एक साधी डोकेदुखीची गोळीही न ठेवणारा माणूस.

मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते.

"बाबा... सगळे गेले ना?"

अंगठा बोटावर फिरत होता. मग त्यांनी थरथरतं बोट उचललं आणि ओठांवर ठेवलं.

मी झाडू उचलून धरला. त्या जागेला वळसा घातला. अंगाला अंग लागणार नाही इतकं अंतर ठेवलं, आणि पलीकडून झाडायला लागले.