पंख मोडलेला पक्षी

"चौदा नंबर कुठाय?"

संयोजक ओरडले तेव्हा ताई, चश्मिस आणि चिंगळी ही तीन भावंडं थडग्यांवरची वाळकी पानं झाडत होती. सुट्टीत आजोबांकडे आलं की हे काम ठरलेलंच. आजोबा या दोनशे वर्षांच्या दफनभूमीचे राखणदार. यंदा इथे शिल्पांचं प्रदर्शन होतं. जुन्या थडग्यांच्या अधेमधे वीस दगडी शिल्पं मांडली होती. उद्घाटनाला जेमतेम तास उरला आणि चौदा नंबरचा पक्षी गायब! गवतावर नुसता चौकोनी वळ.

"राखणदार म्हणवता ना? मग राखलंत काय?" कोटाचा पांढरट झालेला खिसा झटकत संयोजक आजोबांवर खेकसले. "पक्षी सापडला नाही, तर उद्यापासून किल्ल्या दुसऱ्याकडे!"

आजोबांनी किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरला. चाळीस वर्षांत त्यांनी इथलं फूलसुद्धा कुणाला उचलू दिलं नव्हतं. चिंगळीला रडूच कोसळलं.

"रडून पक्षी उडत येणार आहे का?" ताई म्हणाली. "चला, शोधू!"

चश्मिस गवतात ओणवा झाला. "चाकांच्या खुणा! आणि एका चाकाची खूण वेडीवाकडी आहे!"

"म्हणजे पाथरवटकाकांची डुगडुगती हातगाडी! पण काका आणि चोर? काहीतरीच!" ताई म्हणाली.

तेवढ्यात चिंगळी ओरडली, "ताई, या शिल्पाच्या तळाशी खडूची फुली आहे! त्या पलीकडच्याही!"

ताई थबकली. मोडक्या थडग्यावर आजोबा फुली काढत आणि पाथरवटकाका काही न विचारता तो दगड दुरुस्तीला नेत. वर्षानुवर्षांची पद्धत!

"पण आजोबांची फुली माथ्यावर असते," चश्मिस म्हणाला. "शिवाय ही शिल्पं धडधाकट आहेत की!"

"चौदा नंबर सोडून! त्या पक्ष्याचा पंख मुद्दाम मोडका घडवलाय. शिल्पकारबाईच काल सांगत होत्या! पळा!" ताई ओरडली.

तिघं धापा टाकत भिंतीपलीकडच्या, काकांच्या शेडमध्ये पोहोचली. पाथरवटकाकांनी नुकतंच ड्रिल उचललं होतं.

"थांबा!!!"

"अरे, काय झालं? फुली होती, पंख मोडका होता, थडग्यावरचाच पक्षी वाटला, म्हणून आणला सकाळी. एका पडक्या देवदूताच्या पुतळ्याचा हा पंख पडून होता, घासूनपुसून तयार केला. दोन भोकं पाडली की बसलाच!"

खरा प्रकार कळल्यावर काकांनी कपाळावर हात मारला. "गाडीवर गोणपाट टाकूनच फाटकातून बाहेर आलो. तुमच्या आजोबांना रोजचीच खेप वाटली असणार. पण मग फुली काढली कुणी?"

ताईला संयोजकांच्या कोटाचा खडूने पांढरा झालेला खिसा आठवला. ती हसली. "काका, पक्षी घेऊन या. मी पुढे होते."

फाटकाबाहेर पाहुणे जमले होते. ताई सगळ्यांदेखत संयोजकांना म्हणाली, "प्रत्येक शिल्पावर एवढ्या नीटस फुल्या कुणी हो काढल्या? केवढी ती शिस्त!"

संयोजकांची छाती फुगली. "मीच! शिल्प तपासलं की फुली. काल वीसच्या वीस एकट्याने तपासली!"

"मग पक्षी चोरीला गेलाच नाही! तुम्हीच दुरुस्तीला धाडलात!"

कुईंऽऽ कुईंऽऽ करत पक्षी आणि पंख घेऊन हातगाडी आली. ताईने सगळं सांगितलं. संयोजकांचं तोंड एवढंसं झालं.

"मला कुणी सांगायचं तरी!" ते पुटपुटले.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, इथे दगडाला खडू लावायचा नाही," आजोबा शांतपणे म्हणाले. "तुम्ही फोनवर होतात."

सगळे खो खो हसले. शिल्पकारबाई मात्र तो देवदूताचा पंख निरखत होत्या. "हाही आत, पक्ष्याजवळ गवतात ठेवू. आणि पाटीवर पाथरवटांचंही नाव हवं!" पाथरवटकाका लाजून गाडीचं चाक तपासू लागले.

"चुकलो, आजोबा," संयोजक म्हणाले. "किल्ल्या तुमच्याच. आणि पोरांनो, तुम्ही आज माझी अब्रू वाचवलीत. शाब्बास!"

आजोबांनी डोळे पुसले आणि आजवर कुणाच्याही हाती न दिलेला जुडगा चिंगळीपुढे धरला.

"जा, फाटक उघड. पाहुणे खोळंबलेत."